कुत्र्याला वेफर्स, खारे दाणे दिलेले चालतात का? नक्की किती मिठाने त्रास होतो?

हिरवाचाफा

आमच्याकडे रोज संध्याकाळी हाच वाद. सासऱ्यांचं म्हणणं आपण खातोय तर त्या मुक्या जीवालाही द्यायचं, त्यामुळे टीव्हीसमोर बसले की दोन वेफर्स स्वतःला आणि एक भुऱ्याला, खारे शेंगदाणे असले तर ते, पॉपकॉर्न असले तर ते. भुऱ्या साधारण १० किलोचा आहे, वय सहा, तब्येत ठणठणीत. नवरा म्हणतो मीठ म्हणजे कुत्र्यांसाठी विष, एक वेफरसुद्धा देऊ नका, किडनी जाते. बाबा म्हणतात आयुष्यभर कुत्री पाळली, कुणाला काही झालं नाही. दोघंही आपापल्या जागी ठाम आणि दोघंही भुऱ्यावर जीव टाकतात, त्यामुळे मला कुणाला गप्प करायचं नाहीये, मला फक्त खरं काय ते हवंय. एका वेफरमध्ये किती मीठ असतं, १० किलोच्या कुत्र्याला किती झेपतं, आणि मीठ सोडून अजून कशाची काळजी घ्यायची? नुसतं हो किंवा नाही नको, का ते सांगा म्हणजे घरात समजावून सांगता येईल.

शेपटीवाला

नवरा बरोबर बोलतोय. आमच्याकडे माणसांच्या ताटातलं काहीच द्यायचं नाही असा नियम आहे आणि तो सगळ्यात सोपा पडतो, कारण एकदा दिलं की कुत्रं प्रत्येक पुड्याच्या आवाजाला धावत येतं. कुत्र्याला घाम आपल्यासारखा येत नाही, पंजांच्या तळव्यांना थोडा येतो तेवढाच, म्हणजे घामावाटे मीठ बाहेर टाकायची सोय त्यांच्याकडे नाही. सगळा भार किडनीवर. कशाला द्यायचं?

मनमौजी

शेपटीवाला, एवढं पण नसतं हो. आमची आधीची कुत्री चौदा वर्षं जगली, वेफर्स, चीज, बिस्किटं सगळं खाल्लं तिने. थोडंसं दिल्याने काही होत नाही, घाबरून घाबरून कुत्रं पाळण्यात काय मजा.

कंदील

मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते, डॉक्टर नाही पण डॉक्टरांच्या हाताखाली बरीच वर्षं आहे, आणि हा प्रश्न जवळजवळ रोज येतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी मिठाचा हिशोब. कुत्र्यांमध्ये मिठाच्या विषबाधेची लक्षणं साधारण दर किलो वजनामागे २ ते ३ ग्रॅम मीठ पोटात गेलं की दिसायला लागतात, आणि ४ ग्रॅमच्या आसपास जीवावर बेतू शकतं. भुऱ्या १० किलोचा, म्हणजे त्याच्यासाठी धोक्याची सुरुवात साधारण २० ग्रॅम मिठाला. आता साधे खारे वेफर्स घ्या, १०० ग्रॅममध्ये साधारण १.३ ते १.५ ग्रॅम मीठ असतं. म्हणजे २० ग्रॅम मीठ पोटात जायला भुऱ्याला सव्वा ते दीड किलो वेफर्स एका बैठकीत खावे लागतील. तेवढं खाण्याआधीच त्याला उलट्या होतील.

पाकिटावर मीठ असं न लिहिता बरेचदा सोडियम लिहिलेलं असतं आणि लोक तिथे गोंधळतात. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ येतं. १०० ग्रॅमला ६०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं असेल तर दीड ग्रॅम मीठ.

रोजच्या गरजेचं म्हणाल तर साधारण १५ किलोच्या निरोगी कुत्र्याला दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम पुरतं, आणि त्याच कुत्र्याला १५०० मिलिग्रॅमपर्यंत सुरक्षित धरलं जातं. ३० ग्रॅमच्या छोट्या पुड्यात १५० ते १८० मिलिग्रॅम असतं. म्हणजे बघा, एक पुडा खाल्ला तर दिवसाची जवळपास सगळी गरज एका झटक्यात भागते, ते काही चांगलं नाही, पण विषबाधा त्याला म्हणत नाहीत. निरोगी किडनी आणि समोर भरलेलं पाण्याचं भांडं, या दोन गोष्टी असल्या की जास्तीचं मीठ लघवीवाटे निघून जातं. मूतखड्यासाठी जे खास खाणं मिळतं त्यातल्या काहींमध्ये तर मुद्दाम जरा जास्त मीठ असतं, कुत्र्याने पाणी जास्त प्यावं आणि लघवी पातळ व्हावी म्हणून. शेपटीवाला म्हणतायत ते घामाचं खरं आहे, पण त्याने एक वेफर विष होत नाही.

एवढं वाचून थांबू नका मात्र, कारण वेफर्सच्या पुड्यात मीठ ही सगळ्यात कमी काळजीची गोष्ट आहे.

हिरवाचाफा

कंदील ताई, आकडे बघून जीव भांड्यात पडला. पण शेवटच्या वाक्याने परत वर काढला. मग काळजीची गोष्ट कोणती?

कंदील

पहिली, कांदा आणि लसूण. साधा खारा वेफर आणि मसाला लावलेला वेफर यात जमीन अस्मानाचा फरक आहे. चटपटीत, चीज, बार्बेक्यू, क्रीम अँड ओनियन अशा सगळ्या चवींमध्ये बहुतेक वेळा कांद्याची पावडर किंवा लसणाची पावडर असते. कुत्र्यांच्या तांबड्या पेशींना कांदा सोसत नाही, त्यातल्या गंधकाच्या संयुगांमुळे पेशी खराब होऊन फुटतात आणि रक्त कमी होतं. कच्चा कांदा दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम खाल्ला तर रक्तात बदल दिसतात असं धरतात, लसूण त्याहून कितीतरी तीव्र. पावडर केली की कांद्यातलं पाणी जातं आणि तेच सगळं थोड्या वजनात येतं, त्यामुळे पावडरीला हा आकडा लावता येत नाही, ती खूपच कमी पुरते. शिवाय पेशींना होणारी इजा साठत जाते. एकदा चाटला एक वेफर तर काही नाही, पण रोज संध्याकाळी मसाल्याचे चार, याला मी कधीच हो म्हणणार नाही. आणि लक्षणं लगेच दिसत नाहीत, दोन चार दिवसांनी कुत्रं मलूल होतं, हिरड्या फिकट पडतात, लघवी गडद तांबूस होते, तोवर आपण काय खायला दिलं ते विसरलेलो असतो आणि डॉक्टरांना सांगतो की काहीच वेगळं दिलं नाही. जपानी जातींना, म्हणजे अकिता, शिबा इनू, यांना जास्त त्रास होतो.

दुसरी, तेल. वेफर्समध्ये एक तृतीयांश तेलच असतं म्हणा ना. कुत्र्याला एकदम तेलकट मिळालं की काहींचा स्वादुपिंड सुजतो. पोटात भयंकर दुखतं, उलट्या होतात, कुत्रं पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करून उभं राहतं, कुणी हात लावला तर कण्हतं. मिनिएचर श्नाउझर या जातीत हे जास्त दिसतं, लठ्ठ कुत्र्यांत आणि ज्यांना आधी होऊन गेलंय त्यांच्यात पण. सणासुदीला, पार्टीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे जी कुत्री येतात त्यात मिठाचं प्रकरण क्वचित, स्वादुपिंडाचं नेहमीचं.

मनमौजी, तुमची कुत्री चौदा वर्षं जगली याचा मला मनापासून आनंद आहे. पण तिला झेपलं म्हणून सगळ्यांना झेपेल असं नाही, आणि कुणाला झेपणार नाही हे आधी कळत नाही.

टपोरे_थेंब

मला यात एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. वरचे सगळे आकडे निरोगी कुत्र्याचे आहेत. आमच्या कुत्र्याला हृदयाच्या झडपेचा आजार आहे, छोट्या जातींमध्ये उतारवयात हा खूप होतो, कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलमध्ये तर फारच. हृदय अशक्त झालं की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागतं, बाहेर टाकत नाही, आणि ते पाणी फुफ्फुसात साठतं. अशा कुत्र्याला खारं खायला देणं म्हणजे एका हाताने लघवी वाढवायचं औषध द्यायचं आणि दुसऱ्या हाताने ते पुसून टाकायचं.

आणि खारं म्हणजे फक्त वेफर्स नाही. आमच्या डॉक्टरांनी आम्हाला दिवसभरात काय काय देता ते लिहून आणायला सांगितलं तेव्हा लक्षात आलं की सगळ्यात जास्त मीठ गोळ्यांमधून जात होतं. म्हणजे गोळीत नव्हे, गोळी ज्यात लपवून द्यायची त्यात! चीजचा तुकडा, हॅमचा तुकडा, ब्रेड. ब्रेड चवीला खारा लागत नाही पण त्यात मीठ भरपूर असतं. तयार चिकन स्टॉकच्या वड्या पण तशाच, त्यात मीठ तर असतंच, वर कांदाही. आता आम्ही बिनमिठाचं उकडलेलं चिकन बारीक करून त्यात गोळी देतो, तो आनंदाने खातो, त्याला काही फरक पडला नाही.

किडनीचा जुना आजार, ब्लडप्रेशर, यकृताचा आजार असलेल्या कुत्र्यांना पण हेच लागू. ज्यांच्या घरी वयस्कर कुत्रं आहे त्यांनी निदान एकदा डॉक्टरांकडून छाती तपासून घ्या, झडपेचा आवाज स्टेथोस्कोपवर लवकर कळतो, घरी वरवर कुत्रं अगदी मजेत असतं.

पायवाट

टपोरे_थेंब, खूप महत्त्वाचं लिहिलंत. अजून एक भर घालते कारण हे फार कमी लोकांना माहीत असतं. फिट्स येणाऱ्या कुत्र्यांना काही वेळा पोटॅशियम ब्रोमाइड हे औषध असतं, आमच्या राणीला आहे. मीठ जास्त गेलं की शरीर मिठातल्या क्लोराइडसोबत ब्रोमाइडही लघवीवाटे बाहेर टाकतं, म्हणजे रक्तातलं औषध कमी होतं आणि थांबलेल्या फिट्स परत येऊ शकतात. उलटं पण तितकंच खरं, अचानक मीठ खूप कमी केलं तर औषध रक्तात वाढतं आणि कुत्रं झिंगल्यासारखं होतं. त्यामुळे आमच्याकडे पाहुणे आले की मी दारातच सांगते की हिला काहीही द्यायचं नाही. लोकांना वाटतं मी फार कडक आहे. वाटू दे. रोज साधारण सारखंच खाणं, सारखंच मीठ, हा तिच्या औषधाचाच भाग आहे.

शेपटीवाला

बघा, म्हणूनच म्हणतो काहीच देऊ नका. निरोगी आहे असं आपल्याला वाटतं, आत काय चाललंय कुणाला माहीत.

अजून एक, ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. रिकामा पुडा. वेफर्सचा पुडा तळाशी चाटायला कुत्रं तोंड आत घालतं, पुडा अरुंद असतो, श्वास घेतला की प्लॅस्टिक नाकातोंडाला चिकटतं आणि जितका जोरात श्वास घेईल तितकं घट्ट बसतं. पंजाने काढता येत नाही. काही मिनिटांत कुत्रं गुदमरून मरतं, आणि बहुतेक वेळा घरात माणसं असतात, शेजारच्या खोलीत. आमच्या ओळखीच्यांचं कुत्रं असं गेलं. पुडा संपला की दोन्ही बाजूंनी फाडून सपाट करायचा आणि झाकणाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचा. लहान मुलांना पण हे शिकवा.

कंदील

शेपटीवाला, पुड्याबद्दल लिहिलंत त्यासाठी खरंच धन्यवाद. हे प्रत्येक घरात सांगायला हवं, कुत्र्याला वेफर देत असोत नसोत. ज्या घरात कुत्र्याला कधीच वेफर मिळत नाही तिथलं कुत्रं तर पुडा सापडला की जास्तच हावरटपणा करतं.

मनमौजी

पुड्याचं वाचून अंगावर काटा आला, आजच घरात सांगतो.

खाऱ्या दाण्यांचं काय? काजू, बदाम, शेंगदाणे वगैरे. ते तर तळलेले नसतात नेहमी.

कंदील

शेंगदाणे विषारी नाहीत, पण तेलकट असतात आणि खारे असले तर मीठ वर. बिनमिठाचे दोन चार दाणे, साल काढून, निरोगी कुत्र्याला चालतात. टरफलासकट नको. काजूचं पण तसंच. बदाम विषारी नाही पण कुत्री तो न चावता गिळतात, छोट्या कुत्र्याच्या घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. मिक्स नट्सचा डबा मात्र अजिबात नको, त्याला दोन कारणं. त्यात मॅकाडामिया असतात, ते कुत्र्यांना बाधतात, दर किलोमागे अडीच ग्रॅमच्या आसपास खाल्ले तरी मागचे पाय लुळे पडल्यासारखे होतात, थरथर, ताप, उलट्या. भुऱ्याच्या वजनाला दहाएक मॅकाडामिया पुरतील. बहुतेक कुत्री एक दोन दिवसांत बरी होतात पण बघवत नाही. आणि दुसरं म्हणजे मनुका आणि बेदाणे. द्राक्षं, मनुका यांनी किडनी निकामी होऊ शकते आणि किती खाल्ले म्हणजे सुरक्षित असा आकडाच नाही, एखादं कुत्रं मूठभर खाऊन ठीक राहतं आणि एखादं थोडक्यात जातं. टार्टरिक ॲसिड हे त्याचं कारण असावं असं २०२१ मध्ये पुढे आलं, आणि द्राक्षागणिक ते कमी जास्त असतं, त्यामुळे अंदाज करता येत नाही. मनुका खाल्ला की वाट बघायची नाही, सरळ फोन.

पीनट बटर देत असाल तर डब्यावर झायलिटॉल किंवा बर्च शुगर लिहिलंय का ते आधी बघा. बिनसाखरेच्या वस्तूंत असतं. दर किलोमागे ०.१ ग्रॅमनेसुद्धा कुत्र्याची रक्तातली साखर धाडकन उतरते, कधी अर्ध्या तासात.

पॉपकॉर्न, नुसते फुललेले, बिनमिठाचे, बिनलोण्याचे, थोडे चालतात. न फुललेले कडक दाणे वेचून काढा, ते दात मोडतात आणि घशात अडकतात.

हिरवाचाफा

एवढी माहिती एकत्र कुठेच नव्हती मिळाली. आता एक विचारते. समजा कुत्र्याने चुकून खूप खारं खाल्लंच तर कळणार कसं, आणि घरी काय करायचं? आमच्या शेजारी म्हणतात की अशा वेळी मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची, हा जुना उपाय आहे.

कंदील

नाही!! मिठाचं पाणी कधीच नाही. कुठल्याच कारणासाठी नाही. हे मी मोठ्याने सांगते कारण खऱ्याखुऱ्या मिठाच्या विषबाधा ज्या मार्गांनी होतात त्यातला हा एक मुख्य मार्ग आहे. हिशोब बघा, एक सपाट चमचा मीठ म्हणजे साधारण ६ ग्रॅम. पाच किलोच्या कुत्र्याला दोन चमचे मीठ पाण्यातून पाजलं तर १२ ग्रॅम झालं, म्हणजे दर किलोला जवळपास अडीच ग्रॅम, आणि उलटी झाली नाही तर ते सगळं अंगात. आपण ज्या वेफरसाठी भांडतोय त्याने जे सहसा होत नाही ते हा उपाय पाच मिनिटांत करू शकतो.

बाकीचे खरे धोके पण सांगून ठेवते. मुलांना खेळायला घरी मिठाची कणीक करतात ना, दोन कप पीठ एक कप मीठ, त्यात वजनाने एक तृतीयांशाहून जास्त मीठ असतं, १० किलोच्या कुत्र्याने १०० ग्रॅमचा गोळा गिळला की संपलं, जीव धोक्यात. वाळवून रंगवलेल्या वस्तू असतात त्या पण तशाच, आणि कुत्र्यांना त्या कुरकुरीत लागतात. सोया सॉस, एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमहून जास्त मीठ, तीन किलोच्या कुत्र्याला तीन मोठे चमचे पुरतात. समुद्राचं पाणी, लिटरला ३५ ग्रॅम मीठ, भुऱ्याने अर्ध्या लिटरपेक्षा थोडं जास्त प्यायलं की धोक्याच्या हद्दीत आला, म्हणून किनाऱ्यावर नेताना गोडं पाणी सोबत घ्यायचं आणि दर थोड्या वेळाने पाजायचं. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ, पंज्यांवरून चाटलं जातं. इन्स्टंट नूडल्सच्या मसाल्याची पुडी, त्यात कांदा लसूणही आला.

लक्षणं. सगळ्यात आधी बहुतेक वेळा उलट्या, तासा दोन तासांत. मग जुलाब, खूप तहान, खूप लघवी. पुढे सुस्ती, चालताना झोकांड्या, अंगाला कंप, फिट्स. रक्तात सोडियम वाढलं की मेंदूच्या पेशींतलं पाणी बाहेर खेचलं जातं आणि मेंदू अक्षरशः आकसतो, त्या ताणाने आत रक्तस्राव होऊ शकतो. कुत्र्याचं रक्तातलं सोडियम साधारण १४० ते १५५ असतं, १७० च्या वर गेलं की मेंदूची लक्षणं दिसायला लागतात.

घरी काय करायचं तर, थोडंसं खाल्लंय, कुत्रं मजेत आहे, उलटी नाही, तर स्वच्छ पाणी समोर ठेवा, हवं तितकं पिऊ द्या, लघवीला बाहेर जास्त वेळा न्या आणि लक्ष ठेवा. पाणी काढून घ्यायचं नाही, काही लोक सारखी लघवी होते म्हणून भांडं उचलतात, ते फार धोक्याचं. खूप खाल्लंय, किंवा उलट्या थांबत नाहीत, किंवा झोकांड्या, कंप, तर घरी काहीही न करता लगेच दवाखाना. पुडा, डबा, उरलेलं जे असेल ते सोबत घ्या आणि कुत्र्याचं वजन सांगा, आम्हाला तेवढ्यावर अर्धा हिशोब करता येतो.

पायवाट

कोळशाची पावडर म्हणजे ॲक्टिव्हेटेड चारकोल देतात ना विषबाधेत, ती घरात ठेवलेली बरी का?

कंदील

मिठासाठी तिचा उपयोग नाही, चारकोलला सोडियम चिकटतच नाही. उलट चारकोल दिल्यावर काही कुत्र्यांचं सोडियम वाढतं. घरी नको.

दवाखान्यात पण मिठाच्या विषबाधेत घाई करत नाहीत, हे माहीत असलेलं बरं कारण घरचे लोक घाबरून म्हणतात की सलाईन भराभर का लावत नाही. मीठ चढून बराच वेळ गेला असेल तर मेंदूने तोवर स्वतःला त्या वाढलेल्या मिठाशी जुळवून घेतलेलं असतं, अशात एकदम पातळ केलं तर पाणी उलट मेंदूत घुसून सूज येते. म्हणून दर काही तासांनी रक्त तपासत, दिवसाला १० ते १२ एककांपेक्षा जास्त उतरणार नाही असं बघत हळूहळू खाली आणतात. दोन तीन दिवस लागू शकतात. नुकतंच खाल्लेलं असेल आणि लगेच आणलं असेल तर पटकन उतरवता येतं, म्हणून वेळ फार महत्त्वाची, कधी खाल्लं ते घड्याळ आठवून सांगा.

शेपटीवाला

कंदील, एवढं सगळं सांगून झाल्यावर तुम्ही तरी तुमच्या कुत्र्याला वेफर देता का?

कंदील

नाही देत. पण कुणी साधा खारा वेफर एखादा दिला तर आरडाओरडही करत नाही. मला वाटतं नियम इतकाच असावा की मसाल्याचं कधीच नाही, आजारी कुत्र्याला कधीच नाही, पुडा कधीच खाली नाही. साधं खारं क्वचित, एखादं, तर निरोगी कुत्र्याचं बिघडत नाही. तुम्ही काहीच न देण्याचा नियम पाळताय तो त्याहून चांगला आहे, पण ज्या घरात आजोबांचा हात थांबत नाही तिथे पूर्ण बंदी घातली की ते लपवून देतात आणि मग आम्हाला दवाखान्यात खरं कळत नाही. मला लपवलेल्या मसाला वेफरपेक्षा सांगून दिलेला काकडीचा तुकडा हवा.

वजनाचं राहिलं. वरचं खाणं दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. भुऱ्यासारख्या १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ५०० ते ६०० कॅलरी लागतात, म्हणजे वरच्या खाण्याला ५० ते ६०. एक वेफर साधारण १० कॅलरीचा. पाच वेफर्समध्ये दिवसाचा सगळा कोटा संपला, आणि बाबा एका सिरीयलमध्ये पाच सहज देत असतील. किडनीपेक्षा आधी त्याचे गुडघे आणि कंबर तक्रार करतील.

टपोरे_थेंब

आजोबांसाठी एक सुचवते, आमच्याकडे हे चाललं. कुत्र्याला मिठाचं फार कौतुक नसतं, त्याच्या जिभेवर चवीच्या कळ्या साधारण १७०० आणि आपल्या ९००० च्या आसपास. त्याला हवा असतो तो कुरकुर आवाज, वास, आणि आजोबांच्या हातून मिळणं. एका वाटीत गाजराचे पातळ काप, काकडी, सफरचंदाच्या बिया काढून फोडी, उकडलेल्या फरसबीचे तुकडे असं करून ती वाटी त्यांच्या वेफर्सच्या शेजारी ठेवा. दोन वेफर्स आपल्याला, एक गाजर त्याला. देण्याचं सुख तेच राहतं. गाजर गोल जाड चकत्या करून नका देऊ, छोट्या कुत्र्याला अडकतात, लांबट पातळ काप.

हिरवाचाफा

बाबांना सगळं वाचून दाखवलं. मिठाच्या हिशोबावर ते खूश झाले, नवऱ्याकडे बघून हसले पण. मग कांद्याच्या पावडरीचं वाचलं आणि स्वतः उठून घरातले सगळे पुडे आणून मागचं बारीक अक्षर भिंगातून वाचत बसले, तीन चवींमध्ये कांदा लसूण दोन्ही निघालं. ते पुडे आता वरच्या फळीवर गेले. गाजराची वाटी आजपासून सुरू, भुऱ्याने पहिला तुकडा तोंडात घेऊन खाली ठेवला, मग परत उचलला आणि खाल्ला. नवरा अजून म्हणतोय शून्य म्हणजे शून्य, पण आवाज खाली आलाय.

एक शेवटचं विचारायचं होतं, नणंदेकडे तीन महिन्यांचं पिल्लू आहे, दोन किलोचं, पुढच्या आठवड्यात ते इथे राहायला येणार आहे. त्याला पण गाजर चालेल ना?

कंदील

पिल्लाला वरचं काहीच नको सध्या. दोन किलोला धोक्याची हद्द ४ ग्रॅम मिठावर येते, म्हणजे एक चमचासुद्धा नाही, आणि त्याचं पोट इतकं लहान असतं की वरचं खाल्लं की त्याचं स्वतःचं पिल्लांचं खाणं तो सोडतो. बाबांना द्यायचंच असेल तर पिल्लाच्या रोजच्या खाण्यातलेच मूठभर दाणे सकाळी वाटीत काढून ठेवा आणि संध्याकाळी ते एक एक करून हातातून द्यायचे. भुऱ्याची गाजराची वाटी जरा उंचावर ठेवा, पिल्लं न चावता गिळतात. आणि पाण्याची भांडी दोन ठेवा, त्यातलं एक बुटकं, पिल्लाचं तोंड पोचेल असं.